टाकीवरचा डाउनलोडवाला

शेवगावच्या पूर्वेला एका खोलगट गावात कल्याण पाणी सोडायचं काम करतो. ग्रामपंचायतीच्या कागदावर तो पाणीपुरवठा कर्मचारी, पण गावाच्या तोंडी डाउनलोडवाला. कारण या गावात रेंज म्हणजे नवसाची गोष्ट, आणि ती पावते फक्त पाण्याच्या टाकीवर. सकाळी व्हॉल्व्ह फिरवून तो टाकी चढतो तेव्हा खांद्याला पिशवी असते आणि पिशवीत गावाचे फोन. कुणाला क्लाउडवरून नातीच्या जावळाचे फोटो उतरवून हवे असतात, कुणाला शर्यतीच्या बैलांचा व्हिडिओ. त्याचा स्वतःचा फोन मात्र बटनांचा. चांगले दोन टाकीवरून पडून फुटले तेव्हा त्यानं हौस सोडली. लोकांचा आजवर एकही पडला नाही.

त्या रविवारी गोजरनानी फोन घेऊन स्वतःच टाकीखाली आली. नातवाच्या वरातीत तिचा नवरा गहिनीनाथ नाचला, असं सारं गाव सांगत होतं. नानी तेव्हा औक्षणाचं ताट घेऊन घराच्या दारात उभी. तिला काही ते पटेना. ज्या माणसानं पन्नास वर्षांत बायकोसमोर साधी टाळी वाजवली नाही, तो नाचेल कसा? आणि विचारायला आता तो नव्हता. वैशाखात लग्न झालं, आषाढात तो गेला. फोटोग्राफरनं वरातीच्या व्हिडिओची लिंक पाठवली होती खरी, पण जागा हवी म्हणून आज संध्याकाळी तो व्हिडिओ क्लाउडवरून काढून टाकणार होता.

कल्याण वर चढला, लिंक उघडली आणि तसाच खाली आला.

"नानी, व्हिडिओ एक जीबीचा हाय. तुमच्या फोनात मुंगीला जागा न्हाई. शुभ सकाळचंच पाच हजार फोटू हायेत. खोडू का?"

"खोड की."

त्यानं पहिला फोटो उघडला. गणपती. नानीनं फोनच हिसकावला.

"आरं, देव हाय त्यो! देवाला खोडतोस व्हय?"

दुसरा विठोबा. तिसरे शनिमहाराज, आणि त्यांना हात लावायची तर कल्याणचीही छाती नव्हती. पाच हजारांत बिनदेवाचे निघाले अकरा, त्यातले नऊ गुलाब.

"मग दुसऱ्या कुनाच्या फोनात उतरवू?"

"माजा मानूस लोकाच्या फोनात? न्हाई जमायचं."

ऊन कलायला लागलं. म्हातारीचा राग यावा की कीव यावी, हेच कल्याणला कळेना. तेवढ्यात त्याला सुचलं.

"नानी, गनपती आपुन कायमचा घरात ठिवून घेतो का? अक्षता टाकून बोळवतोच की."

नानीला ते पटलं. मग घरी जाऊन मूठभर तांदूळ कुंकवात घोळवून आली. फोन टाकीच्या पायरीवर ठेवला, अक्षता टाकल्या आणि मूर्ती हलवतात तसा दोन बोटं जागचा हलवला.

"या आता देवांनो. उद्या सकाळी लवकर या."

कल्याणनं सगळे एकदम निवडून खोडले. मग फोनातली कचरापेटीही रिकामी करावी लागली, पण तिचं नाव त्यानं तोंडावाटे काढलं नाही.

दोन तास तो टाकीवर फोन धरून उभा होता. वरून टक्के ओरडत होता आणि खालून नानी "आजून?" विचारत होती. दिवस मावळायच्या बेताला व्हिडिओ उतरला, मागोमाग कल्याणही.

हलगी कडाडत होती. गहिनीनाथ टोपी हवेत उडवत, चक्क उकिडवा बसून उठत नाचत होता.

"आगं बया!" नानी किंचाळली. "गुडघं दुखत्यात म्हनून बारा वर्सं बाजाराची पिशवी मला उचलाय लावली लबाडानं!"

ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. सात वेळा तिनं व्हिडिओ परत लावायला लावला.

दुसऱ्या दिवशी टाकीवर तिचा फोन टुंग टुंग वाजू लागला. कल्याण तो घेऊन तिच्या दारात गेला.

"देव आलं, नानी."

नानीनं चष्मा लावून गणपतीकडे पाहिलं.

"आलात? बसा कडंकडंनं. मधी जागा सोडा, आमचं मालक नाचत्यात."