जिन्याखाली कोण राहतं

"इधर कोई नही रहता," शेठाणी म्हणाली. मी तिच्या पायाशी बसून जिना पुसत होते.

समोर गुरुजी उभे होते. माझ्याच वर्गाचे गुरुजी. हातात कागद, खांद्याला पिशवी, शेठाणीने दिलेला सरबताचा ग्लास कठड्यावर ठेवलेला. एक्याऐंशी सालची शिरगणती चालली होती आणि सिंधी निर्वासितांच्या कॅम्प एकमधल्या आमच्या गल्लीचं काम त्यांच्याकडे आलं होतं. वरच्या मजल्यांवरची माणसं त्यांनी लिहून घेतली होती. शेठाणीच्या घरातली लिहून घेतली. मग जाता जाता त्यांची नजर जिन्याखालच्या फळ्यांच्या दाराकडे गेली. आत स्टो पेटलेला होता. आय माझ्या धाकट्या भावाला, सोम्याला, पाजत बसली होती.

"आणि हे?" त्यांनी विचारलं, तर शेठाणीने सांगितलं, इधर कोई नही रहता, ये तो नीचे काम करते हैं.

मी फडकं हातात धरून गुरुजींकडे बघत राहिले. मला वाटलं, गुरुजी बोलतील. कालच तर त्यांनी मला फळा पुसायला लावला होता.

"ही माझ्या वर्गात आहे," गुरुजी म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला केवढा आनंद झाला. मग त्यांनी आयला विचारलं, "कुठल्या गावची गं तुम्ही?"

आयने सोम्याला पदराखाली घेतलं. "वाडीवरची," ती म्हणाली. "जांभूळ गावाच्या पुढं, बारवी धरणाच्या अंगाला."

"मग तिकडे मोजतील तुम्हाला."

आणि शेठाणीकडे वळून, हसत, "यांना मोजायचं म्हणजे चिमण्या मोजायच्या. आज या झाडावर, उद्या त्या."

शेठाणी हसली. गुरुजींनी ग्लास रिकामा केला आणि पुढच्या बिल्डिंगीत गेले. मी उरलेल्या पायऱ्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी हजेरीत माझं नाव घेतलं. शाळेत मी होते म्हणे. शाळा सुटल्यावर नव्हते.

शेठाणी सिंधी, तिची भाषा वेगळी, तिचं सोडा. गुरुजी आमच्याच मराठीत बोलणारे. मला जास्त लागलं ते त्यांचं.

आम्ही कातकरी. आमच्या आधी तिथे बराक होती, लांबलचक, मिलिटरीची. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिच्यात पडदे लावून राहिली. पुढे धंदा जमला तसे त्यांनी बराकी पाडून माड्या चढवल्या. ही बिल्डिंग उठत होती तेव्हा बा वाडीवरून रेती वाहायला आला. काम संपलं, पण शेठने त्याला ठेवून घेतलं. जिने झाडायचे, टाकीत पाणी चढवायचं, राखण करायची. बदल्यात जिन्याखालची जागा. माझा जन्म वाडीवरचा. सोम्याचा त्या जिन्याखालचा. वरून कोणी धावत उतरलं की आमच्या ताटात चुना पडायचा.

गुरुजी गेल्यावर मी आयवर चिडले. "तू बोलली का नाय?"

"बरं झालं नाय लिवलं ते," आय म्हणाली. "लेकरं मोजू नयेत. दृष्ट लागते."

आमच्यात असंच. आंब्याची झाडं मोजा, कोंबड्या मोजा, लेकरं मोजायची नाहीत. कुणी विचारलंच तर एक कमी सांगायचं. आणि सरकारी माणूस दिसला की आधी रानात पळायचं, मग बघायचं कशाला आला ते. जंगलखात्याच्या खाकी कपड्यांनी आमच्या पिढ्यांना एवढं शिकवून ठेवलं होतं. कॅम्पात रान नव्हतं, म्हणून आय पदराआड पळाली. शेठाणीला तेवढंच हवं होतं. जागा नावावर लागेल, हक्क सांगतील, ही तिची भीती.

सोम्या त्या जिन्यावर चालायला शिकला. अख्ख्या बिल्डिंगीत त्याच्याएवढा जिना कुणी चढला-उतरला नसेल. प्रत्येक दार त्याला ठाऊक, कुठे बिस्किट मिळतं, कुठे धपाटा. शेठाणीला तो "अम्मा" म्हणायचा आणि तीसुद्धा त्याला पापड भाजून द्यायची. खरंच द्यायची. माणूस काही एकाच रंगाचं नसतं, हेच तर दुखतं.

त्या पावसाळ्यात त्याला ताप भरला. डोळे पिवळे झाले. बाने झाडपाला केला, मग दवाखाना केला. उशीर झाला होता. शेठाणीच्या जिन्यावर शिकलेलं चालणं सहा महिनेसुद्धा पुरलं नाही माझ्या भावाला.

शेठाणी रडली. पुरायला नवं कापड तिने दिलं. आयजवळ जमिनीवर बसली आणि सांगायला लागली की बराकीत आल्या आल्या तिची धाकटी बहीण अशीच गेली होती. "हमारा भी कोई नाम-पता नही था, बाई," म्हणाली. मी ऐकत होते. माझ्या मनात आलं, तुला तर माहीत होतं मग. तुला सगळं माहीत होतं.

बा सोम्याला वाडीवर घेऊन गेला. मीही गेले. तिथे चुलत्याला मी विचारलं, "तुमच्याकडं माणसं मोजायला आले तवा आमची नावं सांगितली का?"

चुलता म्हणाला, "आले होते. मी बोललो, ते कॅम्पात गेले."

म्हणजे ना इकडचे ना तिकडचे. आम्ही उरलो, कुठे ना कुठे पुढे लिहिले जाऊ. पण सोम्या आला आणि गेला, आणि तो होता याचा या जगात एक शब्द नाही.

पुढे शाळा सातवीला सुटली. मी जीन्सच्या कारखान्यातून धागे कापायचं काम घरी आणायला लागले. दारात बसायचं, पँटींचा ढीग एका बाजूला, कातर हातात. सोम्याच्या पाठीवर झालेली बहीण मोठी झाली होती. आमचं दार तेच, फळ्यांचं.

एक्याण्णवला पुन्हा माणसं मोजायला आले. ह्या वेळी एक तरुण बाई होत्या. वर सगळं उरकून खाली उतरल्या आणि शेठाणीच्या सुनेला विचारलं, "नीचे कोई रहता है?"

"नीचे तो मीटर है," सून म्हणाली.

माझ्या अंगावरून पाय टाकून ती हे बोलली. मी तिथे बसलेली. कातर हातात.

मी उठले. "राहतो," मी म्हणाले. "आम्ही राहतो इथं. मीटरच्या बाजूला."

बाई थांबल्या. सून हिंदीत काहीतरी पुटपुटली, कामवाले लोग हैं, गाँव इनका उधर है. मी म्हणाले, "गाव सगळ्यांचंच कुठंतरी असतं. तुमचं सिंधमध्ये. तुम्हाला इथं लिवलं ना?"

बाईंनी विचारलं, "किती जणं आहात?"

आयने मागून माझं मनगट धरलं. "मोजू नको गं, पोरी." तिला वाटत होतं, मी उरलेल्यांनाही घालवणार.

मी तिचा हात सोडवला आणि मोजलं. मोठ्याने. बा. आय. मी. बहीण. एकेकाचं नाव, एकेकाचं वय. बाई लिहीत गेल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"अन् सोम्या," आय म्हणाली.

मी वळून बघितलं. ती दाराच्या बाहेर येऊन उभी होती, पदर खाली. "सोमा नाव. लिवा. हितंच झाला तो, हितं आत."

"त्याचं वय?"

मी सांगितलं, तो दहा वर्षांमागे गेला. बाईंनी पेन खाली घेतलं. "नाही लिहिता येणार हो, मावशी. आज हयात आहेत त्यांनाच." वाईट वाटलं असणार त्यांना. पण नाही लिहिलं.

आय तिथेच भिंतीला टेकून बसली आणि दहा वर्षांचं रडली.

दुपारी शेठाणीचा मुलगा खाली आला. "नाम लिखवाया ना? अब खोली खाली करो." बाने गोधडी अंथरली आणि तिच्यात भांडी ठेवायला लागला, जसा त्याचा बाप रानात ठेवत असेल. मी त्या गोधडीवर जाऊन बसले. "नाय जायचं," मी म्हणाले, बाला आणि त्या मुलालाही. "पाणी आम्ही चढवतो, जिना आम्ही झाडतो, भाऊ आमचा इथं जन्मला. मला ओढून काढायचं तर गल्लीसमोर काढ." त्याने दार लाथाडलं. दोन दिवस आमचं पाणी तोडलं. आम्ही राहिलो.

तेव्हापासून कुणी कागद घेऊन जिन्यापाशी आलं की मी आत सरकत नाही. सरकारचा असो, शाळेचा असो, मतं मागणारा असो. पुढे होते, आमची नावं सांगते, आणि त्याचं लिहून होईपर्यंत जिना अडवून उभी राहते.