चौकटीतली गुंडाळी

रोह्यातला तो बंगला इंग्रजांच्या काळात एका ज्यू कुटुंबानं बांधला. तेलाचा घाणा होता त्यांचा, शनिवारी कडकडीत बंद. पुढे सगळे इस्रायलला गेले. त्यांच्यातल्या सगळ्यांत शेवटी गेलेल्या मावशींनी घर संग्रहालयाला देताना एकच अट घातली: "दाराच्या चौकटीतली गुंडाळी तेवढी हलवू नका गो." चौकटीच्या उजव्या खांबात एक खोबण होती, तिच्यात कातड्यावर लिहिलेली प्रार्थना गुंडाळून ठेवलेली. जाता-येता खोबणीला बोटं लावून ती ओठांना टेकवायची, ही त्यांची रीत.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि बंगल्याची देखरेख माझ्या गळ्यात पडली. मावशी इस्रायलहून घर बघायला येणार कळल्यावर चौकटीला रंग द्यायला मी पेणचा मूर्तिकार आणला. गणपती होऊन गेलेले, तो मोकळा होता, आणि हात सोन्याचा. मी मूर्ख! अट त्याला सांगायचीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बघते तर चौकट गुळगुळीत, खोबण रंगाऱ्याच्या लांबीचा लगदा भरून बुजवलेली. मी धावत मूर्तिकाराला गाठलं.

"आतली गुंडाळी कुठाय?"

"ती व्हय? पार विरलेली, बाई. पण देवाचं अक्षर वाटलं, कचऱ्यात कसं टाकू? कुंडलिका नदीत विसर्जन केलं."

कपाळ माझं! त्यानं त्याच्या परीनं मान राखला होता. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. दुसरी गुंडाळी मागवून गुपचूप बसवावी, असंही मनात येऊन गेलं. मग माझीच मला लाज वाटली.

मावशी आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत. बोलता बोलता पायरी चढल्या, हात आपसूक चौकटीकडे गेला आणि ताज्या रंगावरून घसरला. त्या थांबल्या. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

खोबण होती तिथं त्यांनी पुन्हा बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "आम्ही गुंडाळी जुनी झाली की मातीत पुरतो. तुम्ही पाण्यात सोडता." माझं मनगट घट्ट धरलं. "सोडताना त्यानं हात जोडले होते काय गो? माझ्या मुलांनी तर तेवढंही केलं नसतं."

"व्हय, जोडले होते," मी म्हणाले.

मला ठाऊक नव्हतं. मावशी डोळे पुसून आत गेल्या, आणि चार दिवसांनी परत इस्रायलला. तो मूर्तिकार पेणच्या बाजारात दोनदा भेटला. विचारायचा धीर झाला नाही. नाय म्हणाला तर?