चार सुकवलेले पाय

लाकडातलं पाणी मोजणं हा माझा पेशा. टोकियोतल्या एका संशोधन संस्थेत मी वीसेक वर्षं हेच करतो आहे. त्याच विद्येच्या जोरावर मी एका म्हाताऱ्या सुताराच्या हातातली हत्यारं घालवली. हे मी सभ्य शब्दांत सांगण्याचा बराच प्रयत्न करून पाहिला आहे.

टोकियोत मी राहतो त्या फुनाबोरीहून अडीच तासांवर डोंगरात एक छोटी वस्ती आहे. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या रीतीने जगायचं ठरवून काही जपानी माणसांनी ती वसवली. लग्न नाही, स्वतःचं म्हणून काही नाही, बायका-पुरुषांची दारं वेगळी, आणि काम हीच प्रार्थना. मी जाऊ लागलो तेव्हा नऊ जण उरले होते, सगळे सत्तरीपुढचे. त्यांचे प्रमुख म्हणजे हे सुतार, वय एक्याऐंशी. ते खुर्च्या करत आणि मी दर रविवारी त्यांच्याकडे शिकत असे. मला ते ‘डॉक्टर’ म्हणत, थोडं चिडवूनच.

रंधा मारताना ते एकोणिसाव्या शतकातल्या एका शेकर वडीलधाऱ्याची गोष्ट सांगत, घरातल्या माणसाची सांगावी तशी. तोही खुर्च्या करायचा. लहानपणी आईबापांसकट पंथात आला, आणि दुसऱ्या दिवसापासून आईला ‘ताई’ म्हणू लागला, कारण तिथे सगळ्या ताया. जन्मभर खुर्च्या केल्या, एकीवरही नाव घातलं नाही. लोकांची पापं ऐकून घेणं हेही त्याचंच काम. म्हातारपणी त्याच्या एका खुर्चीचा सांधा सुटला, तेव्हा त्याने भर सभेत हत्यारं खुंटीवरून उतरवली आणि देऊन टाकली.

“एका सांध्यासाठी?” मी विचारलं.

“बसणारा एकाच खुर्चीवर बसतो, डॉक्टर.”

वस्तीतही तोच नियम होता: सांधा सुटला की हत्यारं सोडायची.

त्या खुर्च्यांना गोंद लावत नाहीत. पाय ओलसर लाकडाचे आणि त्यांत ठोकायच्या आडव्या दांड्या खणखणीत सुकलेल्या. पाय हळूहळू सुकतो, भोक आवळत जातं आणि दांडी कायमची धरली जाते. हे त्यांनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. पण आधीच्या खुर्च्यांच्या पायांना सुकताना बारीक चिरा गेल्या होत्या आणि माझ्यातला तज्ज्ञ गप्प बसेना. पोत्याखाली सावलीत ठेवलेले चार मेपलचे पाय मी न विचारता कापडात गुंडाळून नेले. ट्रेनमध्ये लोकांना वाटलं असेल, हा भारतीय माणूस क्रिकेट खेळायला चाललाय. संस्थेच्या भट्टीत ते शास्त्रशुद्ध सुकवले आणि पुढच्या रविवारी परत पोत्याखाली ठेवले.

सुतारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऐकूही कमी येई. मोगरीचे दोन ठोके मारून ते थांबले. “आज दांड्या फार सहज जाताहेत.”

“भोकं अचूक पाडलीत तुम्ही,” मी म्हणालो.

ते खूश झाले.

ती खुर्ची बायकांच्या बाजूच्या प्रमुख बाईंना गेली. वय शहाऐंशी, चाळीस वर्षं त्यांनी आणि सुतारांनी मिळून वस्ती सांभाळली होती. जपानी उन्हाळ्यातल्या दमट हवेत दांड्या फुगून घट्ट राहिल्या. जानेवारीतली कोरडी हवा आली, आणि एका सकाळी भाजी चिरताना बाईंखालची खुर्ची उकलली. खुब्याचं हाड मोडलं.

पुढच्या रविवारी जेवणानंतर सभा भरली. प्रत्येकाने आपला आठवड्याचा दोष उभं राहून सांगायचा, अशी तिथली रीत. सुतार सगळ्यांत आधी उठले. “सांधा माझा होता. माझ्या हाताला कळलं नाही.”

कुणी आवाज चढवला नाही. तिथे आवाज चढवतच नाहीत. एक जण मवाळपणे म्हणाला, “सगळ्यांना दिसत होतं. तुमचा मान राखून बोललो नाही इतकंच.” दुसरी म्हणाली, “आता बसून करायचं काम घ्या, घेवडा निवडायचा वगैरे. त्यात कुणी पडणार नाही.” दोघीतिघी हसल्या. सुतारही हसले, मग खुंट्यांवरून एकेक हत्यार काढून टेबलावर मांडलं.

माझी पाळी आली. उकललेली खुर्ची मी सकाळीच पाहिली होती. पायाचं भोक बोटाने चाचपताच सगळं कळलं होतं: आधीच सुकलेला पाय दांडीभोवती आवळलाच नव्हता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “काम करताना माझं लक्ष घराकडे होतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी बायकोला हे सांगितलं नाही, फक्त सभा झाली म्हणालो. ती म्हणाली, “तिथे कबुल्या देतोस आणि इथे प्लास्टिकचा कचरा चुकीच्या दिवशी ठेवलास तर शेजाऱ्याचं नाव सांगतोस. धन्य आहेस!” मी हसण्यावारी नेलं.

बाई अंथरुणाला खिळल्या. सुतार रोज त्यांच्या खिडकीखाली जाऊन उभे राहायचे. आठवडाभराने आतून निरोप आला, “त्यांना म्हणावं, तुमची सावली पडते.” त्यानंतर ते गेले नाहीत. ऑगस्टमध्ये बाई वारल्या. माझी जीभ सुटली ती त्यानंतर, सप्टेंबरात.

ते पडवीत घेवड्याच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसून सगळं सांगितलं: पोतं, भट्टी, मोगरीचे ते दोन ठोके. त्यांनी पूर्ण ऐकलं.

“ती होती तेव्हा का नाही सांगितलंत?”

मी म्हणालो, “आज सभेत सांगतो. ते तुम्हाला हत्यारं परत देतील.”

“देतील ना.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते. एका हाताने दुसरा धरला तरी थांबेनात. “आठ महिने यांनी काही कापलेलं नाही. जानेवारीत हे असे नव्हते. आता पटाशी दिली तर सगळ्यांसमोर बोट कापेन. तेव्हा ते चुकीचं बोलत होते, डॉक्टर. आज बरोबर बोलतील.”

“मग मी काय करू?”

“सांगू नका. माझ्यावर तेवढी मेहेरबानी करा.”

मी वाकून नमस्कार केला आणि उठलो. सभेला थांबलो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. दारात बूट चढवताना मी घड्याळ बघत होतो, तीनची बस मिळेल का म्हणून.