मामंजी आणि लंडनचे चोर

मामंजींना जाऊन आज पाच आठवडे झाले. ते माझ्याशी शेवटचे बोलले ते इस्पितळात, एका रविवारी दुपारी. मी त्यांना लंडनमधल्या एका दरोड्याची हकीकत सांगत होते. जवाहिऱ्याचे दुकान, मागच्या भिंतीला पाडलेले भगदाड, रेनकोट घालून दारोदार चौकशी करीत फिरणारा थकलेला इन्स्पेक्टर, आणि अखेरीस बंदराच्या धक्क्यावर चोराच्या मनगटात पडलेली बेडी. ते डोळे मिटून ऐकत होते. माझे सांगून संपले. मग म्हणाले, "धरलासच की शेवटीं त्याला... एकदां तरी सोडून द्यायचास गे." ग्लानीत बोलत असतील असे समजून मी त्यांचे पांघरूण सारखे केले. मंगळवारी पहाटे ते गेले.

मला लिहिण्याची सवय नाही. तिशी ओलांडेपर्यंत पत्रांपलीकडे मी काही लिहिलेले नाही, आणि आजही हे धार्ष्ट्य करताना संकोच वाटतो. परंतु मामंजींना एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि ती मनात ठेवून घरात वावरणे आता कठीण झाले आहे.

मी पुण्याची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्न होऊन मद्रासला, तिरुवल्लिकेणीतल्या ह्या घरी आले तेव्हा घरात मराठीच बोलत. पण ती तंजावरची, दोनतीनशे वर्षांपूर्वीची, आणि मध्येमध्ये तमिळ शब्द पेरलेली. मला ती निम्मी कळत नसे. मी तोंड उघडले की नणंदा एकमेकींना कोपराने ढोसून म्हणत, "ऐका गे, पुस्तक बोलायला लागलं!" त्यात दुष्टावा नव्हता, हे आज कळते. तेव्हा मात्र मी बोलणेच कमी करीत गेले. वर्षभरात 'हो', 'नाही' आणि 'वाढू का?' एवढ्या तीन शब्दप्रयोगांवर माझा संसार चालू लागला.

मामंजींनी पोलिसांच्या बोटांचे ठसे तपासणाऱ्या कचेरीत उभा जन्म काढला होता. नुकतेच निवृत्त झाले होते. एके शनिवारी जेवताना ते सर्वांसमक्ष म्हणाले, "उद्यां सकाळीं माउंट रोडला इंग्रजी पिक्चर आहे, पोलिसांचं. त्या लोकांचं बोलणं भारी झपाट्याचं, मला उमगत नाहीं. बी. ए. झालेली सून घरांत ठेवून काय लोणचं घालायचं? येऊं दे माझ्याबरोबर. अर्थ सांगेल." सासूबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, "शरी, जा. येतांना भाजी आणा."

अशी आमची रविवार सकाळ सुरू झाली. त्या चित्रपटांत गाणी नसत, नाच नसे. धुके, काळ्या मोटारी, चहाचे पेले, कुठे बँक फोडलेली तर कुठे पगाराची पेटी पळवलेली. आणि मग चिकाटीने चाललेला तपास. मामंजींना चोरापेक्षा तपासाचे प्रेम. एखाद्या दृश्यात ठशांच्या कचेरीतला कारकून भिंग घेऊन वाकलेला दिसे, दहा सेकंदही नाही, तेवढ्यात मामंजी खुर्चीत ताठ बसत आणि पुटपुटत, "आमचा माणूस आला." तीस वर्षांची नोकरी त्या दहा सेकंदांत कुणीतरी पाहिली, असे काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर असे.

आणि मी? पहिल्याच रविवारी माझे पाणी मला कळले. कॉलेजात नाटके वाचून आलेल्या मला लंडनच्या गल्लीतल्या माणसांचे अक्षरही कळेना. "काय म्हणाला?" मामंजींनी विचारले. 'कळले नाही' म्हणण्याची लाज वाटून मी कुजबुजले, "त्याची आई आजारी आहे." पडद्यावर त्या माणसाने खिशातून पाव काढून खायला घेतला. मामंजी गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे आतां बरी असेल." मला पुढे धीर आला. मी चेहरे पाहून संवाद रचू लागले; अडले की चोराची आई आजारी पडे. मध्यंतरात कॉफी घेताना सबंध कथा समजावून देई; घरी परतताना चोराच्या मनात काय असेल ते सांगे. ते एकेक प्रश्न विचारीत आणि मी बोलतच राही. घरातली मुकी सून रस्त्यावर इतकी बोलते, हे पाहून शेजारीपाजारी चकित होत.

आठ वर्षे हे चालले. एका वृद्ध, विश्वासू माणसाला आपण दर रविवारी फसवतो आहोत, ही टोचणी मात्र वाढत गेली. कितीदा ठरवले की आज सांगून टाकायचे... कॉफी संपे, घंटा होई, आणि राहून जाई. इस्पितळात त्यांनीच सांगितले, "शुक्रवारीं नवीन पिक्चर लागतं आहे. रविवारीं पाहून ये आणि मला सांग." एकटीने चित्रपटगृहात जाण्याची माझी हिंमत झाली नाही. मी इस्पितळाच्या व्हरांड्यात तासभर बसून ती सारी हकीकत रचली आणि आत जाऊन सांगितली. माझे त्यांच्याशी शेवटचे बोलणे असे खोटे होते.

तेराव्याला सेतुरामराव आले. मामंजींचे कचेरीतले सोबती. संध्याकाळी दोघे समुद्रकाठच्या बाकावर बसत. मी पाणी पुढे केले तर माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तूंच काय गे ती? अम्मा, आठ वर्षांत एका तरी चोराची आई धडधाकट ठेवायची होतीस!"

मी पेला खाली ठेवला.

"दर रविवारीं सांगायचा तो बाकावर. आधीं त्या लोकांचं पिक्चर, मग आमच्या सुनेचं. तुझंच चांगलं म्हणायचा."

"पण... त्यांना तर इंग्रजी उमगत नव्हते ना?"

"अय्यो! गोऱ्या जज्जांपुढे वीस वर्षं साक्षी दिलेला माणूस तो. त्याला उमगत नाहीं?" मग त्यांचा आवाज उतरला. "मींच म्हटलं, सांगून टाक पोरीला. तर म्हणाला, नको. कळलं तर पुन्हां गप्प होईल."

थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक सांगितले. ते शेवटचे पिक्चर मद्रासला आलेच नव्हते. जुनेच पुढे चालू ठेवले होते. त्या रविवारी सकाळी सेतुरामराव स्वतःच इस्पितळात जाऊन मामंजींना हे सांगून आले होते. म्हणजे मी आत पाऊल टाकले तेव्हा त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकून घेतले...

मामंजींचे ठसे पाहायचे भिंग टेबलावर तसेच आहे. काचेला कधी बोट लागू देत नसत. पण इस्पितळात नेले त्या दिवशी हात घसरला असावा. कडेला अंगठ्याचा ठसा उमटला आहे. त्यांनीच शिकवल्यामुळे मला वाचता येतो : चक्र, आणि त्याला आडवा छेद देणारा जुन्या जखमेचा व्रण. मी रोज टेबल पुसते. फडके भिंगाला वळसा घालून जाते.

काल दुपारी घरात कुणी नव्हते. त्या टेबलासमोर बसून मी ती हकीकत पुन्हा सांगितली, मोठ्याने, पहिल्यापासून. धक्क्यावर धुके होते. इन्स्पेक्टर फार थकला होता. त्याने बेडी रेनकोटाच्या खिशात परत ठेवली आणि तोंड फिरवले. चोर चालत घरी गेला. दार त्याच्या आईने उघडले. अगदी धडधाकट होती, मामंजी.