भिंतीपलीकडचे पाच स्वर

या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी जेवताना बायकोला वाचून दाखवायचो आणि हसायचो. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे — मायक्रोमीटरवर दिसेल तेवढंच खरं मानणारा माणूस. तरीही गेल्या वर्षीचं हे लिहितोय, कारण वंदना, माझी बायको, म्हणाली, "लिहून टाका एकदा. निदान झोप तरी लागेल."

प्रेसशॉपच्या आवाजात वीसेक वर्षं काढल्यावर तपासणीत कळलं, डावा कान जवळपास गेलाय. उजवाही त्याच वाटेवर. गाणं शिकायचं लहानपणापासून राहून गेलं होतं... म्हटलं, ऐकू येतंय तोवर शिकून घेऊ. आमच्या रो-हाऊसला लागूनच भालेराव सर राहायचे. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेले, एकटेच. मुलगी सुजाता पिंपळगावला दिलेली.

सर म्हणाले, "जाधव, गळ्याचं नंतर बघू. आधी कान. पाच मिनिटंच बसा, पण रोज बसा."

पद्धत अशी — सकाळी पावणेसहाला सर त्यांच्या घरात पेटीवर पाच स्वर वाजवायचे, एकेक, मध्ये थोडं थांबून. मी इकडे भिंतीला उजवा कान लावून प्रत्येक स्वराचं नाव सांगायचो आणि ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचो. "तीन बरोबर. धैवत पुन्हा चुकला," असं उत्तर यायचं. कोमल आणि शुद्ध धैवतात माझा कायम घोळ. पण सात महिन्यांत एकही दिवस चुकवला नव्हता.

त्या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट होती, दुपारी दोनला निघायचं. वंदना नांदगावला माहेरी. गुरुवारी सकाळी नेहमीसारखे पाच स्वर आले, मी उत्तरं पाठवली. मेसेजवर एकच टिक. वाटलं, सरांचा रिचार्ज संपला असेल.

शुक्रवारी उजव्या कानात ठणका लागला होता. औषध घालून कापूस कोंबलेला. नुसती सवय म्हणून भिंतीशी बसलो... आणि स्वर ऐकू आले. स्वच्छ. डाव्या कानात!

शनिवारी मुद्दाम उजवा कान बोटाने घट्ट दाबून बसलो. पाचही ओळखले, दोन्ही धैवतांसकट.

कधी एकदा सरांना सांगतो असं झालं होतं. दुपारी निघताना त्यांच्याकडे गेलो. दार उघडं, सुजाता सामान आवरत होती.

"सर कुठेत?"

ती बघतच राहिली. "काका, तुम्हाला कुणीच कळवलं नाही? बाबा गेले. बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे आले होते, रात्री परत येणार होते. तिथेच छातीत दुखायला लागलं. गुरुवारी पहाटे चारला..."

"अगं, पण सकाळी पेटी—"

"पेटी बाबांनी बरोबर आणली होती, आमच्याकडे कार्यक्रम होता. ती अजून तिकडेच आहे. घर बुधवारपासून बंद होतं, काका."

मी शिफ्टला गेलो नाही. रविवारी सकाळी साडेपाचलाच घराबाहेर पडलो आणि सातपर्यंत बसस्टॉपवर बसून राहिलो. त्या भिंतीशी बसायची हिंमतच झाली नाही.

पुढे जलदान विधीला आम्ही दोघं पिंपळगावला गेलो. सुजाताने माझ्या हातात एक वही दिली. "यावर तुमचं नाव आहे, काका."

सर पूर्ण आठवड्याचे स्वर आधीच लिहून ठेवायचे, हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक दिवसापुढे लाल पेनाने किती बरोबर तो आकडा. मी तिथेच फोन काढला. एरवी रेकॉर्डिंगमध्ये मागे पेटी पुसट ऐकू यायची. त्या तीन दिवसांत फक्त माझा आवाज... आणि मधली शांतता. वंदना वहीत बघत होती, मी ऐकवत होतो. गुरुवार, शुक्रवार — धैवत सोडला तर सगळे स्वर तेच. शनिवारी पाचही.

त्या दिवसांपुढेही लाल आकडे होते. चार. चार. पाच. अक्षर सरांचंच.

"सुजाता, ही वही होती कुठे?"

"बाबांच्या टेबलावर. शनिवारी पिशवीत टाकली, ती आजच काढली. का हो?"

नंतर डावा कान पुन्हा तपासून घेतला, होता तसाच आहे. कान वाजले असतील, योगायोग असेल... सगळे तर्क करून बघितले. कशानेच उलगडा होत नाही, आणि आता मी शोधतही नाही.

मला छळतं ते वेगळंच. वहीत रविवारचेही पाच स्वर लिहिलेले आहेत आणि त्यापुढे लाल शाईत एकच शब्द — गैरहजर.

त्या सकाळी सर किती वेळ थांबले असतील?