कोट घालून बँकेत जाणारा सावकार

सावकार हसला की पुढच्या रांगेतल्या बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या. ते हसू तीन मजल्यांचं होतं. आधी नाकातून फुसकारा, मग घशात घरघर आणि मग मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत जाणारा गडगडाट. आमच्या गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम. नाटक कुठलंही असो, त्यात गरिबाच्या पोरीवर आणि वावरावर डोळा ठेवणारा एक सावकार असायचाच, आणि चामोर्शीपासून अहेरीपर्यंत ती भूमिका आमच्याच सावकाराकडे असायची. त्याचं खरं नाव तुळशीराम. मी त्याचा शेजारी, तरी ते नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्याच्या मुलीच्या कर्जाच्या कागदांवर.

घरी मात्र तो हसायचा तेव्हा आवाज यायचाच नाही. नुसते खांदे हलायचे.

बाजारात बाया त्याला शिव्या घालायच्या आणि तो त्या प्रसादासारख्या घ्यायचा. एकदा एका म्हातारीनं त्याला वांगी द्यायला चक्क नकार दिला. "त्या पोरीचं वावर गिळलं ना रे मेल्या, आता माहे वांगे गिळतं का?" सावकारानं हात जोडले. "बाई, तिसऱ्या अंकात मरतो ना मी. तेवढं तं पाहून जात जा." म्हातारी म्हणाली, "तवा मी झोपली होती," आणि वांगी तोलली. जास्तीचीही घातली. परत येताना तो मला म्हणाला, "सर, सरकारनं मेडल नाई देल्लं मले. ह्या बायानं देल्लं."

हंगाम नसला की तो भिंती रंगवायचा. सिमेंटच्या जाहिराती, शाळेचे सुविचार, दुकानांच्या पाट्या. फ्लेक्स आले आणि ते काम आटत गेलं. मोठ्या मुलानं दहावीतच शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली काम धरलं होतं. धाकटी प्रणाली हुशार. तिला नागपूरच्या एका खासगी कॉलेजात नर्सिंगला घालायचं म्हटल्यावर तो माझ्याकडे आला, कारण मी ज्युनियर कॉलेजात शिकवतो आणि गावात फॉर्म भरायला लोक माझ्याकडेच येतात. कर्ज घ्या, असं मीच सांगितलं. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज म्हणजे कर्ज नव्हे, ती पेरणी असते, असं एक वाक्यही टाकलं. मला वाक्यं सुचतात. तो माझा जुना रोग आहे.

प्रणाली शिकली. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात लागली. पगार असा की खोलीभाडं आणि जेवण जाऊन हातात राहील ते हप्त्याला पुरत नसे. उरलेलं सावकार भरायचा, नाटकाच्या एकेका नाइटच्या पैशातून. आणि हप्ता भरायला जाताना तो घरचा शर्ट घालत नसे. नाटकातला काळा कोट, वर फेटा, हातात चांदीच्या मुठीची म्हणून रंगवलेली काठी, असा थाटानं बँकेत जायचा. कॅशियर उठून म्हणायचा, "या सावकार, आज कोणाचं वावर घेता?" रांगेतले लोक हसायचे. मी विचारलं, हा काय तमाशा? तर म्हणाला, "पैसे द्याले जाऊन राह्यलो ना सर, मागाले थोडी! देणाऱ्यानं कसं ताठ जा लागते."

मला हे आवडायचं नाही. मी तेव्हा पेटलो होतो. माझ्या मुलाचं, अनिकेतचं, इंजिनिअरिंग झालं होतं, तो घरी बसून होता, आणि त्याच्या कर्जावरचं व्याज माझ्या डोळ्यांदेखत फुगत होतं. आजूबाजूला अशी पोरं घरोघर. कॉलेजांनी फी घेतली, बँकांनी ती भरली, आणि पोरांच्या हाती आली मोबाइलच्या दुकानातली नोकरी. शेतीची कर्जं माफ होतात, मोठमोठ्या कारखान्यांची बुडीत म्हणून बाजूला ठेवली जातात, मग आमच्याच पोरांनी काय पाप केलं? हे मी एका सभेत बोललो आणि टाळ्या पडल्या. मग कर्जमाफीसाठी समिती झाली. मी अध्यक्ष.

सावकाराला हे पटत नव्हतं. ओसरीवर आमचं रोज वाजायचं.

"सर, पोरीचं माफ झालं तं चांगलंच हाय. पण माह्या मोठ्यानं शाळाच सोडली. तो उन्हात विटा वाहते. त्याचं काय माफ करंल सरकार?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"सरकारचा पैसा म्हंजे त्याच्याही खिशातला ना? तो बिडी घेते, त्याच्यावरही टॅक्स हाय. म्हंजे बयनीची फी भावानं भरली, विटा वाहून."

मी म्हणालो, शिकलेली नर्स साऱ्या गावाच्या उपयोगी पडते, त्यामुळे तिचा खर्च साऱ्यांनी उचलला तर चूक काय? त्यावर तो म्हणाला, "हे तं खरं हाय." तो असाच होता. मुद्दा पटला तर लगेच कबूल. मला तेवढी फट पुरे होती.

मी त्याला पथनाट्यात घेतलं. तो बँकेचा साहेब व्हायचा, काळ्या कोटातच, आणि शेवटी साहेबाचं मन पालटतं असा प्रसंग मी लिहिला होता. मन पालटल्यावर त्यानं लोकांच्या बाजूला येऊन म्हणायचं, "घेतलं आम्ही, फेडेल सरकार! एक रुपया भरू नका!" तालमीत तो या वाक्याला अडखळायचा. ज्याला रात्रभराच्या नाटकाची पानंच्या पानं पाठ, तो एवढ्याशा वाक्याला.

"सर, हे वाक्य तोंडात बसून नाई राह्यलं."

"सोपं तर आहे."

"सोपं हाय म्हूनच तं."

पण म्हटलं त्यानं. मार्कंड्याच्या जत्रेत म्हटलं, गडचिरोलीत कचेरीसमोर म्हटलं. आणि जो माणूस लोकांना भरू नका म्हणतो तो स्वतः कोट घालून भरायला कसा जाणार? त्यानं हप्ता थांबवला. प्रणालीनं फोनवर विचारलं, "सर, खरंच नको भरू का?" मी म्हणालो, "बेटा, निवडणूक तोंडावर आहे. सगळ्या उमेदवारांनी शब्द दिलाय. आता भरणारा वेडा ठरेल."

शब्द सगळ्यांनी दिला होता, हे खोटं नव्हे. मतमोजणीनंतर त्यांची फोन उचलायची सवय तेवढी मोडली.

आता जे सांगायचं आहे ते मी माझ्या घरातही मोठ्यानं बोललेलो नाही. त्याच सुमारास अनिकेतला पुण्यात बरी नोकरी लागली. त्याला फ्लॅट घ्यायचा होता, आणि बँकेच्या संगणकात त्याचं नाव थकबाकीदार म्हणून लागलेलं. मी पीएफमधून रक्कम उचलली आणि मॅनेजरसमोर जाऊन बसलो. त्यांनी चहा मागवला. एकरकमी भरत असाल तर तडजोड करू, म्हणाले. बरंचसं व्याज सोडलं. सही केली, नो ड्यूजचा दाखला घेतला, घडी करून वरच्या खिशात ठेवला. त्याच दिवशी दुपारी अहेरीला सभा होती. दाखला खिशात असतानाच मी माइकवर ओरडलो, एक रुपया भरू नका.

म्हणजे माफी मिळते. जो सगळे पैसे टेबलावर ठेवू शकतो त्याला चहासकट मिळते. जो महिन्याला थोडंथोडं आणून देतो त्याच्या व्याजावर व्याज चढतं. हे सांगितलं असतं तर आमच्या मागणीला खरी धार आली असती. पण मग लोकांनी विचारलं असतं, सर, तुम्हाला कसं ठाऊक? आणि हार घालून घ्यायची मला गोडी लागली होती.

प्रणालीचं खातं थकीत गेलं. दवाखान्यात फोन यायला लागले, तिच्या मोबाइलवर नव्हे, रिसेप्शनवर. आणि मग तो आठवडी बाजाराचा दिवस आला.

सावकार चौकात एका दुकानाचं शटर रंगवत होता. प्रणाली रजेवर आली होती, बापासाठी डबा घेऊन उभी होती. मोटारसायकलवरून वसुलीची दोन माणसं उतरली. त्यातला एक भर चौकात सुरू झाला, "अरे ओ, पोरगी शिकवताना गोड लागलं ना? आता पैसे द्यायच्या वेळी भिंती रंगवतो काय? लाज नाही वाटत?" बाजार थांबला. कोणीतरी खुशीत ओरडलं, "अबे या, सावकारावर सावकार आला!" लोकांना वाटलं आमच्या समितीचंच पथनाट्य आहे. गोल झाला. पोरं शिट्या मारायला लागली.

सावकाराच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्यानं आधी मुलीकडे पाहिलं. ती डब्याच्या कडीला धरून मान खाली घालून उभी होती. मग त्यानं लोकांकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की अजून कोणालाच काही कळलेलं नाही. तो सावकाश वळला, खांदे मागे टाकले आणि हसला. नाक, घसा, गडगडाट. तिन्ही मजले. बाजार दणाणला. वसुलीवाला एक पाऊल मागे सरला, तेव्हा तर लोक लोळायचे बाकी राहिले. "वा सावकार! वा!"

मी सुकटवाल्या बाईच्या दुकानाशी उभा होतो. बघणाऱ्यांत हे नाटक नाही हे ठाऊक असलेला मीच. पुढे होऊन त्या दोघांना बाजूला घेता आलं असतं. मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं, म्हणजे लोकांचा समज तसाच राहील. मी त्याची अब्रू वाचवत होतो, असं त्या रात्री मी स्वतःला समजावलं. वाचवत होतो ती माझी. गोलाच्या पलीकडून त्यानं मला पाहिलं आणि हात जोडून वाकला, नाटक संपल्यावर वाकतात तसा. लोकांनी पुन्हा टाळ्या दिल्या. प्रणाली डबा तिथेच ठेवून घरी निघून गेली.

त्या महिन्यात तिनं चंद्रपूरची नोकरी सोडली आणि हैदराबादेला गेली. दोन दोन ड्यूट्या करते, असं ऐकतो. दिवाळीला नाटक कंपनीचा माणूस सावकाराला घ्यायला आला, तर त्यानं दारातूनच परत पाठवला. "नाइटचे पैसे कवा भेटंल त्याचा भरोसा नाई. मिरचीचे आठवड्याले भेटतेत." आमच्याकडची माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात तो हंगाम आणि नाटकाचा हंगाम एकच. त्या वर्षी मंडपात सावकार दुसराच कोणी झाला. हसला, पण मांडीवरचं एकही पोर उठलं नाही.

मला अजूनही वाटतं की ही कर्जं हलकी व्हायला हवीत. निदान व्याज तरी. ज्या पगारात हप्ता बसत नाही त्या पगारावर हप्ता लावणं ही फसवणूक आहे, आणि ती पोरांनी केलेली नाही. समितीची मुलं अजून बोलवायला येतात. मी ब्लडप्रेशर सांगतो.

सावकार मिरचीला निघाला त्या दिवशी मी बसस्थानकावर गेलो होतो. सिरोंच्याच्या गाडीसाठी मिरचीवाल्यांची झुंबड, गाठोडी, डेचक्या, एक कोंबडीही. एक बाई म्हणाली, "सावकार, एकडाव हासून दाखवा ना." तो म्हणाला, "आता मिरचीत चाललो बाई. हासलं तं ठसका लागंल." कोट नव्हता. मुलाचा जुना टी-शर्ट होता.

मी त्याला बाजूला घेतलं. "भाऊ, एक सांगायचं राहिलं. अनिकेतचं कर्ज मी मिटवलं होतं. त्या बाजाराच्या आधीच."

"मालूम हाय मले."

"कोणी सांगितलं?"

"कॅशियरनं. त्या बाजाराच्या आधीच मी गेलतो ना पुन्हा भराले, कोट घालून. तो म्हने, थकलं तेवढं सारं एकदम आणा. म्हने, तुमचे सर तं मिटवून गेले, तुमीच काऊन राह्यले?"

"म्हणजे बाजारात तुला माहीत होतं."

"हो ना."

"मग मला विचारलं का नाहीस, भाऊ? चार शिव्या तरी घालायच्या."

तेवढ्यात गाडी लागली. त्यानं बायांची गाठोडी वर चढवून दिली, कोंबडी दिली, मग स्वतः चढला आणि खिडकीशी बसला. मी खाली उभा. मला वाटलं आता तसाच जाईल. पण त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"सर, ते वाक्य होतं ना तुमचं. फेडेल सरकार, भरू नका. माह्या तोंडात ते कधी बसलंच नाई. लय घासलं मी. तुमच्या तोंडात मातर असं बसलं होतं, का मले वाटे, उभ्या झाडीपट्टीत असा नट नाई."

टोमणा म्हणून नव्हे. एका नटानं दुसऱ्याला सांगावं तसं, मान हलवून. मग त्यानं हात जोडले, आणि कंडक्टरनं डबल बेल दिली.