मामांनी एकदाच बरोबर ओळखलं

"थांबा की राव, मला नीट चुकू द्या!"

असं म्हणून मामा चष्मा काढायचे आणि खिशात घालायचे. बरोबर उत्तर चुकून दिसेल, ही भीती! आणि इकडे माझ्या डोक्याचा पार भुगा व्हायचा.

परभणीच्या एका केबल चॅनलवर आमचा ओळखाओळखीचा कार्यक्रम चालायचा आणि निवेदक होतो मी. पडद्यामागे एक पाहुणा बसायचा. प्रेक्षकांना तो दिसायचा, पण समोर बसलेल्या आमच्या मंडळाला दिसायचा नाही. मंडळात एक रिटायर गुरुजी, एक वकीलबाई आणि सगळ्यांचेच मामा. प्रश्न विचारून पाहुण्याचं काम ओळखायचं. पाहुण्याने तोंड उघडायचं नाही. उत्तर 'हो' असेल तर घंटा वाजवायची, 'नाही' असेल तर ताटावर पळी हाणायची. प्रत्येक 'नाही'ला पाहुण्याला एक भांडं मिळायचं. आधी वाटी, मग तांब्या, मग डबा. मंडळ हरलंच तर कुकर! भांडी ज्या दुकानदाराची, तो पहिल्या रांगेत बसून प्रत्येक 'ठण्ण'ला उसासा टाकायचा.

मामांचे केस जत्रेतल्या नाटकांत विनोदी कामं करता करता पिकलेले. ताडकळसच्या बाजारात ते नुसते वांगी निवडायला उभे राहिले तरी लोक हसायला जमायचे. ओळखण्यात मात्र त्यांना काडीचा रस नव्हता.

एकदा पडद्यामागे मेंढ्या राखणारा गडी होता. बाहेर मेंढ्या बें बें करत होत्या आणि लोकरीचा वास हॉलभर पसरला होता. गुरुजी उत्तर द्यायला अर्धे उठलेसुद्धा. तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा! पाव्हणं, तुमी इमान चालवता का?"

ठण्ण!

"न्हाई? मग जहाज असंल."

ठण्ण! गुरुजी कपाळ धरून खाली बसले. मामांनी सगळे प्रश्न असेच संपवले. गडी कुकर डोक्यावर घेऊन निघाला आणि मेंढ्या त्याच्या मागे.

मी तणतणलो, "मामा, वास आला नाही का तुम्हाला?"

"आला की! पण मी बरोबर वळखलं असतं तर तुमी त्या गड्याला काय देणार व्हता? माझा फोटो?"

आता सांगा, या माणसावर चिडायचं तरी कसं? मी तरीही चिडायचो.

मामांच्या विनोदांतला सगळ्यात गाजलेला विनोद मामींवरचा होता. "माझ्या घरीच ठाणं हाय," ते म्हणायचे, "रोज सांजच्याला हजेरी द्यावी लागती. जामीन न्हाई." एवढ्यावर मांडव कोसळायचे. हसण्यात मीही सगळ्यांच्या पुढे असायचो.

मग एक दिवस मामीच माझ्याकडे आल्या. हातात फुगलेली पिशवी.

"भाऊ, मला पडद्यामागं बसवा."

"मामी, तुम्हाला? कशाला?"

"म्या जलमभर झरीला अंगणवाडी चालवली. निम्मं गाव माझ्या हातची खिचडी खाऊन मोठं झालं. या महिन्यात रिटायर व्हायलेय. पण बाजारात गेलं की लोक इचारतेत, काय मामी, आज हजेरी घेतली का? लोकांसाठी मी निस्तं ठाणं हाय. आज बघायचंय, माझं काम या माणसाला म्हाईत हाय का न्हाई."

"आणि त्यांनी गंमत केली तर?"

मामींनी पिशवीवर थाप मारली. "लेक देवगाव फाट्याला ऱ्हाती. तिकडंच जाईन. लुगडी भरूनच आलेय."

देवा रे! माझ्या कार्यक्रमात आजवर फार तर कुकर जायचा. आज मामांचा संसार पणाला लागला होता आणि मामांना त्याचा पत्ता नव्हता.

पडदा लागला. मामी बसल्या. प्रेक्षकांत निम्मे लोक झरीचे, त्यांनी मामींना बघताच खुसखुस सुरू केली. पहिला प्रश्न मामांचा होता. त्यांनी चष्मा काढला. तेवढ्यात पडद्याआडून बारीक आवाज यायला लागले. बक्षिसाची भांडी मेजावर पसरून ठेवलेली होती आणि मामींना पसारा बघवत नाही. त्या वाटीत वाटी घालत होत्या, तांब्या डब्यात बसवत होत्या.

मामांचा हात खिशाशीच थांबला.

मागून कोणीतरी ओरडलं, "मामा, ठाणं आलंय का बघा!" हॉल फुटला.

मामा उभे राहिले. "गप ए!" प्रेक्षकांना गप्प करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"पडद्यामागं झरीच्या अंगणवाडीच्या सेविका हायेत. प्रयागबाई. गावातल्या लेकरांना पाटी धरायला त्यांनी शिकवलं. आधी त्या सेविका हायेत, मग उरलेल्या टायमात माझ्या मंडळी."

उखाणा नाही, काही नाही. नवऱ्याने बायकोचं नाव भर हॉलमध्ये घेतलं, तेही अहोजाहो करून!

पडद्याआड घंटा वाजली, आणि थांबेचना. शेवटी पडदा सारून मामी बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी, पण आवाज कडक.

"एवढी घाई काय पडली व्हती? दुनियेला कुकर वाटले, अन् माझ्या वक्ताला लगेच वळखलं! मला एक वाटी बी भेटली न्हाई!"

दुकानदाराने उभं राहून टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्याचा तो पहिलाच फायद्याचा दिवस.

निघताना मामांनी पिशवी उचलली. "काय गं, दगडं भरली का यात?"

"लुगडी हायेत. लेकीकडं चालले व्हते, कायमची."

मामा जागच्या जागी उभे राहिले. "अन् आता?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता झरीला. चला, गाडी सुटायलीय."

मामा गेल्या वर्षी गेले. मी झरीला भेटायला गेलो. माणसं सतरंजीवर बसून त्यांच्या आठवणी काढत होती. एकाने 'ठाणं' म्हणून सुरुवात केली आणि जीभ चावली. मामीच म्हणाल्या, "सांग की, थांबलास कामून?" त्याला काही सांगवेना. मग त्यांनी स्वतःच मामांच्या आवाजात तो विनोद केला. दुखवट्याच्या घरात आम्ही तोंडात उपरणी कोंबून हसलो. हसता हसता मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

मग मामींनी त्या दिवशीचा परतीचा प्रवास सांगितला. "एष्टीत चढल्या चढल्या हे कंडक्टरला म्हणले, एक तिकीट द्या अंगणवाडीच्या बाईंचं, अन् एक त्यांच्या नवऱ्याचं. सगळी गाडी वळून बघायली. मी म्हणलं, अवो, जरा हळू बोला. तर हे म्हणतेत कसे..."

मामींना हसू आवरेना. हसतच त्या बाजूला वळल्या. "आता फुडचं तुमी सांगा की."

त्यांच्या शेजारी कोणीच बसलेलं नव्हतं.